कडेवरची कंपनी

बुलढाण्याहून संभाजीनगरच्या वाटेला लागलं, की विदर्भ संपता संपता धाड येतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला, की इथल्या बाया भाकरी बांधून सकाळीच वेचणीला जातात आणि इकडे गल्लीत एक कंपनी उघडते. पाटी नाही, भांडवल नाही. दहा-बारा वर्षांच्या चार-पाच मैत्रिणी आणि प्रत्येकीच्या कडेवर एकेक पोट्टं. एखादंच सख्खं, बाकीची शेजारपाजारची.

म्होरकी लगेच ओळखू येते. लेकरू वागवून वागवून ती एका अंगाला कललेली असते. खाली ठेवलं तरी कललेलीच. फ्रॉकचा घेर हा सार्वजनिक रुमाल, नाक कोणाचंही असो. बोलणं मात्र थेट आजीचं. "आमच्या वक्ती पोट्टे असे नव्हते वं माय!" ही 'आमची वक्त' म्हणजे गेल्या वर्षीचा हंगाम.

लंगडीचा डाव रंगला की कंपनीचा एकच कायदा : जी बाद होईल, तिनं सगळ्यांची पोरं धरायची. त्यामुळे या गल्लीत बाद व्हायला कोणी तयार नसतं आणि भांडणं लंगडीपेक्षा जास्त वेळ चालतात. मजुरी बोरं, चिंचा किंवा पाच रुपयांचं नाणं. बहुधा "उद्या देते".

अमेरिकेत ॲन मार्टिन या लेखिकेनं १९८६पासून असल्याच मैत्रिणींवर पुस्तकांची मोठी मालिका लिहिली. तिथल्या पोरींनी अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार असं सगळं नेमलं होतं. अगदी आपलं गणेश मंडळ. उपाध्यक्षपद कोणाला, तर जिच्या खोलीत स्वतंत्र फोन, तिला! आपल्याकडे फोन नाही, हाक आहे. ती तीन गल्ल्यांपलीकडे पोचते.

मग अंगणवाडी कशाला आहे, असं कोणी विचारेल. आहे की! ही योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. पण तिथं बसवतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून धाकट्यांना शिधा घरपोच, सांभाळणारं माणूस नव्हे. शिवाय अंगणवाडी काही तासांत सुटते आणि वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे दिवस मावळेपर्यंत आई शेतातच. २००५च्या रोजगार हमी कायद्यानं कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, तर त्यांच्यासाठी एक बाई नेमायला सांगितलं. पण कपाशीचं शेत हे काही हमीचं काम नव्हे.

कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम करताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हीच कंपनी भेटली होती. मोठ्या बहिणी शाळेत येईनात, कारण कडेवर धाकटं. या दोघींनी कडेवरच्यालाच आत घेतलं : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. नाव ठेवलं विकासवाडी. पोरींना उपदेश करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

धाडची कंपनी शेवटची वेचणी होईस्तोवर, साधारण संक्रांतीपर्यंत, जोरात चालते. रविवारी बंद नसते. उलट त्या दिवशी शाळेला सुट्टी, त्यामुळे कर्मचारी जास्त.