हादरे मोजणारे अप्पा

आमचे अप्पा अजिंठ्याला गेले ते लेणी बघायला नव्हे, तपासायला. खिशात टेप, मोबाइलमध्ये कंपनं मोजायचं अ‍ॅप आणि पुरातत्त्व खात्यासाठी सूचनांचं पत्र घरूनच लिहून आणलेलं. आकडे तेवढे भरायचे बाकी. नोकरी वाहनांच्या सस्पेन्शनमध्ये गेली, त्यामुळे जगात जे जे हलतं ते आपल्या अखत्यारीत येतं अशी त्यांची पक्की समजूत.

फर्दापूर फाट्यावर बसची पायरी मोजताना मागची रांग खोळंबली. "काका, आधी चढा, मग मोजा," कंडक्टर म्हणाला. पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीसमोर गप्प उभे. अप्पा मात्र ओणवे होऊन उंबरठ्याला टेप लावत होते. "व्हीलचेअर इथं अडणार!" हे मात्र शंभर टक्के खरं होतं. दहाव्या लेण्यात गाइडनं खांबावरचं ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथचं नाव दाखवलं. 1819 साली लेणं राडारोड्यानं भरलेलं, त्यावर उभं राहून साहेबानं कोरलेलं, म्हणून आज ते डोक्याच्या वर. अप्पांनी लगेच नोंद केली : 'फलक बसलेल्या माणसाला वाचता येईल अशा उंचीवर हवा.'

पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. अप्पा डोलीत बसले, मोबाइल मांडीवर. "बसलेल्या माणसाला 4 ते 8 हर्ट्झचे उभे हादरे सगळ्यात जास्त बाधतात. तुमची पावलं सेकंदाला दोन, म्हणजे 2 हर्ट्झ. शाब्बास! गाड्यांना जमत नाही ते तुम्हाला जमलंय."

"साहेब, हात आवरा, तोल जातोय," पुढचा डोलीवाला म्हणाला.

डोलीतून उतरताना अप्पांचा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवर आडवे होताच अप्पा खुलले. "डोकं पुढे ठेवलंत ते बरं केलंत. मागच्या आसापलीकडे फार उडतं. ड्रायव्हरसाहेब, वेग उतरवा, हादरे उतरतील."

"आणि उशीर झाला तर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तेच तर गणित आहे! रुग्ण म्हणजे वस्तुमान, गादी म्हणजे स्प्रिंग, शिवाय एक डॅम्पर..."

"हात स्थिर ठेवा, बीपी लागत नाहीये," डॉक्टर म्हणाली.

"लागणार कसं? पट्ट्याला रस्त्याचे हादरे बसताहेत. नोंदवून घ्या."

डॉक्टरनं एक दीर्घ श्वास घेतला आणि इंजेक्शनची मात्रा ठरवायला विचारलं, "काका, वजन किती?"

अप्पांचा चेहरा उजळला. "नुसतं माझं, की स्ट्रेचरसकट?"