पाहुणे निघाले, आम्ही पोहोचलो

मार्च उतरणीला लागला की थंडीभर उजनीच्या पाणलोटावर तळ ठोकून बसलेले पक्षी परत निघतात, आणि त्यांना गाठायला पुण्यातून पहाटे मिनीबस निघतात. आमच्या सहलीच्या पत्रकात माळरान, झाडोरा, पाणथळ असा क्रम छापला होता. वाटेतले पोहे त्यात नव्हते. सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला.

कडबनवाडीच्या माळावर मार्गदर्शक दादा एकदम थबकले. "धाविक!"

"कुठे?"

"त्या ढेकळाच्या डावीकडे."

ढेकळं पार क्षितिजापर्यंत होती. आम्ही प्रत्येकाने आपापलं ढेकूळ निवडून त्यावर दुर्बीण रोखली. अखेर त्यातलं एक तुरुतुरु पळालं, आणि सगळ्यांनी "हो हो, दिसला" म्हटलं. लेन्सवाल्यांना तो नंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला. त्यांना पक्षी नेहमी नंतरच दिसतो.

फुललेल्या पळसावर भोरड्यांचा कल्लोळ होता. मध्य आशियाकडे निघण्याआधी त्या मध ओरपत होत्या. लांबच्या उड्डाणाआधी पक्षी भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवतात, असं दादांनी सांगितलं. एका काकूंनी लगेच खाकऱ्याचा डबा उघडला. आम्हाला फक्त कुंभारगावपर्यंत जायचं होतं.

तिथे होडीत बसलो. होडी हाकणारा मुलगा मासेमारांच्या घरातला. पाण्यावरचा ठिपका पाहून पक्षी सांगायचा. शेकाट्या, थापट्या, चक्रवाक अशी हजेरी झाली. मागे उरलेले दोन-चार पट्टकदंब चरत होते. हे हिमालय ओलांडून तिबेट-लडाखकडे जातात आणि सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे, हे ऐकून एका काकांनी "श्वास कसा पुरतो?" असं काळजीने विचारलं. काका सिंहगडावर पहिल्या वळणालाच बसतात. पुरतो, कारण पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, हे दादांनी सांगेपर्यंत काकांचा फोन वाजला.

रोहित दूर होते, पायांनी चिखल ढवळत, मान उलटी करून खाणारे. सगळे मोबाइल एकदम वर आले आणि सगळ्यांच्या फोटोत एकच गुलाबी रेघ आली.

जेवायला तळलेली चिलापी होती. नुसता आवाज ऐकलेला पक्षी यादीत धरायचा की नाही यावर दोन गट पडले. चिलापीबाबत मात्र एकमत होतं. होडीचे पैसे देताना काकू त्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, पुढच्या वेळी त्या रोहितांना जरा अलीकडे बसव हं."

"सांगतो की, काकू. पण आता ते कच्छला जातील. थंडीत या."