उगवण

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावात मे संपत आला की पारावर सोयाबीनची व्याख्यानमाला सुरू होते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, बी ५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, टरफल पातळ असतं म्हणून पोतं आपटू नये. सगळ्यांना सगळं पाठ. परभणीच्या कृषी विद्यापीठातला एखादा शास्त्रज्ञ वाट चुकून इथं आला, तर त्याला चहा मिळेल, बोलायला मिळणार नाही.

फक्त एकच विचारू नये. ‘काका, घरच्या बियाची उगवण तपासली का?’ लगेच बाजारभाव निघतो, नाहीतर सरकार.

खरं तर परीक्षा फुकटची. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याभरात मोड मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर बी चांगलं; कमी निघाले तर एकरी बी वाढवायचं. यात कष्ट नाहीत. पण गोणपाट तोंड बघून मार्क देत नाही. गावभर सल्ले वाटणाऱ्यालाही ते खुशाल ५८ देऊन मोकळं होतं.

परीक्षेच्या या धास्तीला आमच्या जिल्ह्यात जुनी परंपरा आहे म्हणा. नर्सीच्या नामदेवांचं तर प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणंचालणं. तरी कथा अशी, की गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं तपासलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. मला ते रुसलेले नामदेव फार आवडतात. पुढं ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तर गुरुमहाराज पिंडीवर पाय टाकून पडलेले! पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंड. देव सगळीकडे असतो, हे नामदेवांनी आधी काय कमी ऐकलं असेल? पण ते पाय स्वतःच उचलावे लागले.

यंदा एका काकांनी गोठ्यात, कुणाला न सांगता, गुंडाळी ठेवली. आठवड्यानं ती उलगडली तेव्हा अर्धा पार तिथं हजर.

“एकोणसत्तर,” काका म्हणाले. “अन् ह्या एकाचं टरफल फुटलंय. ह्याला धरायचं का नाही?”

मतं भरपूर निघाली. चहा दोनदा झाला. शेवटी काकूंनी तो दाणा उचलला, कोंबड्यांपुढं टाकला आणि म्हणाल्या, “एकरी दोन किलो वाढवा.”