सेकंड शिफ्टचे डॉक्टर

सकाळी सव्वासहाला शिक्रापूरच्या चाकण चौकात उभं राहिलं की कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक लागतात. सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव. आत सगळे माना टाकून झोपलेले. जागे दोघंच, ड्रायव्हर आणि आमचे डॉक्टर. मांडीवर डबा, डब्यावर अकरावीचं बायोलॉजी, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. रांजणगावची बस असल्यामुळे नवख्याला वाटतं, महागणपतीचा भक्त अथर्वशीर्ष म्हणतोय. प्रत्यक्षात तिथे अमिबापासून सुरुवात होऊन गाडी गांडुळापर्यंत आलेली असते.

डॉक्टर अजून डॉक्टर झालेले नाहीत. पण पदव्या वाटण्यात आमचं गाव विद्यापीठाची वाट बघत बसत नाही. जमीन विकली की ‘शेठ’, बुलेट घेतली की ‘भावी सरपंच’, तसं नीटचा फॉर्म भरला की ‘डॉक्टर’. असे डॉक्टर हल्ली या रस्त्यावरच्या बऱ्याच कंपन्यांत निघतील अशी माझी समजूत आहे. आमचे म्हणजे त्यातला नमुना पीस.

वय 31. मेकॅनिकलची बी.ई., क्वालिटीत आठ वर्षं, एक बायको, पाच वर्षांची मुलगी, अप्पांनी बांधलेल्या भाड्याच्या दहा खोल्या. दहावीला मार्क चांगले होते, पण कंपन्या दारात आल्यावर पोरगं लांब कशाला पाठवायचं, म्हणून अकरावीत बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला लावलं. तेव्हापासून ते बायोलॉजी घशात अडकलं होतं. मार्च 2022 मध्ये नीटची कमाल वयाची अट गेली. मग नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं, की बारावीनंतरही मान्यताप्राप्त बोर्डातून जीवशास्त्र जादा विषय म्हणून देता येईल. “आता सरकारच एवढा आग्रह करतंय म्हटल्यावर...” असं म्हणून डॉक्टरांनी बारावीची बायोलॉजी दिली. प्रॅक्टिकलला पोरांनी त्यांना उठून गुड मॉर्निंग केलं.

अप्पांचं म्हणणं एवढंच, “तवाच नीट केलं असतं, तर आता नीट द्यावी लागली नसती.” तेव्हा बायोलॉजी कुणी सोडायला लावलं, हे घरात कुणी काढत नाही.

डॉक्टरांच्या पाकिटात पांडुरंगाच्या फोटोमागे एक लॅमिनेशन केलेलं कात्रण आहे. ओडिशाचे जयकिशोर प्रधान. स्टेट बँकेतून रिटायर झाले आणि 2020 मध्ये, वयाच्या 64 व्या वर्षी, नीट पास होऊन बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला लागले. डॉक्टर हिशेब मांडतात, “म्हणजे माझ्या हातात अजून 33 वर्षं आहेत.” वहिनी पोळी लाटता लाटता म्हणतात, “त्यांना पेन्शन चालू होती.”

मला मात्र लोकांचं नवल वाटतं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाची सर्जरी सोडून 1969 मध्ये पूर्णवेळ नाटकात आले, काशीनाथ घाणेकर तर दातांचे डॉक्टर. दवाखाना सोडून निघालेल्या माणसाला आपण डोक्यावर घेतो. तोच रस्ता कुणी उलटा धरला, की ‘डोक्यावर परिणाम झालाय.’

तसा थोडा झालाय, हे कबूल. क्वालिटीतली नजर घेऊन माणसाकडे बघतात ते. हृदय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवाला पंप, किडनी म्हणजे फिल्टर. आईचा गुडघा हलवून बघितला आणि म्हणाले, “कार्टिलेज झिजलंय. क्लिअरन्स वाढलाय.” आई म्हणाली, “मंग वंगण सोड की.” कंपनीत उलटा प्रकार. पार्टच्या कडेला धातूची बर दिसली, की बोट फिरवून ऑपरेटरला धीर देतात, “साधी गाठ आहे. घासली की जाईल.”

संध्याकाळी घरी आले, की त्यांची सेकंड शिफ्ट लागते. खालच्या खोल्यांत बिहारची, मराठवाड्याची पोरं राहतात. मध्यंतरी रात्री दोन वाजता नांदेडकडचा एक जण थंडीने कुडकुडत वर आला. औषध सांगायचं नाही, हे डॉक्टरांचं तत्त्व. “आपल्याला अधिकार नाही,” म्हणाले, आणि त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून ॲनोफिलीसची मादी, लिव्हर, तांबड्या पेशी अशी मलेरियाची पूर्ण साखळी वहीवर काढून दाखवली. पोरगं दात वाजवत ‘हो सर, हो सर’ करत होतं. साखळी पुरी झाल्यावर त्याला गाडीवर मागे बसवलं, पडू नये म्हणून स्वतःच्या कमरेला ओढणीने बांधलं आणि दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. सहाला परत, सव्वासहाला चौकात.

2025 मध्ये 4 मेला नीट होती. केंद्राच्या गेटवर बूट चालत नाहीत, चप्पल लागते. आठ वर्षं सेफ्टी शूज घातल्याशिवाय गेटच्या आत न गेलेला माणूस स्लीपर घालून उभा, हातात पारदर्शक बाटली. गार्ड म्हणाला, “काका, पालकांनी दोरीच्या मागं.” डॉक्टरांनी हॉल तिकीट पुढे केलं. गार्डने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “जा सर. नीट लिहा.”

बायोलॉजीचे 360 मार्क म्हणजे निम्मा पेपर, त्याची धास्ती होती. फिजिक्स तर इंजिनीअरच्या घरचं. नेमकं त्या वर्षी फिजिक्सनेच देशभरच्या पोरांना रडवलं, आणि घरच्या माणसाचा केसाने गळा कापला. किती पडले, हे कुणी विचारायचं नाही असं घरात ठरलंय. विचारलंच तर उत्तर तयार, “देशात पहिला आला त्यालाही 686. त्याचेच 34 गेले.”

परवा मी गेलो तेव्हा डॉक्टर एका लाल रिजेक्शन टॅगच्या पाठीवर पुढचा बेत मांडत होते. कोर्स आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं, सरकारी कॉलेज मिळालं तर बॉण्डचं एक, वर हाडांचं शिक्षण तीन. शेजारी आई गुडघ्याला तेल चोळत होती. कुणीतरी दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवा म्हटलं, की तिचं ठरलेलं, “घरचा होतोय की.” डॉक्टरांनी बेरीज केली आणि मोठ्याने म्हणाले, “साडेनऊ.”

आईने बाटलीचं झाकण लावलं.

“सकाळचं का रातचं?”