कंट्रोल-सी आणि सरफोजी राजे

सी भाषेतला प्रोग्रॅम कंट्रोल-सी दाबताच मिळणाऱ्या सिग्नलने मरतो, यात गैर काही नाही. कसा मरतो ते मात्र बघण्यासारखं असतं. टर्मिनलचा एको बंद करून, कर्सर लपवून बसलेला प्रोग्रॅम तसाच उठून गेला, की मागे राहिलेल्या माणसाला न दिसणाऱ्या अक्षरांत ‘रीसेट’ टाइप करावं लागतं. कर्नल सगळं आवरतो, ही त्यावरची नेहमीची सबब. कर्नल मेमरी परत घेतो, फाइली बंद करतो, हे खरं. पण सेटिंग्ज टर्मिनलच्या असतात, मेलेल्याच्या नव्हेत. ज्याने बदलल्या त्यानेच पूर्ववत कराव्यात, आणि त्यासाठी बदलण्याआधीच मूळ स्थिती नोंदवून ठेवावी.

नोंदींच्या बाबतीत तंजावरच्या दुसऱ्या सरफोजींना तोड नाही. १७९९च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने कारभार काढून घेतला; राजांकडे किल्ला आणि लगतचा परिसर तेवढा उरला. सिग्नलांच्या भाषेत ही सिगटर्म : जा, पण आवरून जा. राजांनी सरस्वती महाल ग्रंथालयात ग्रंथ जमवले आणि १८०३मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरून घेतला. (एवढ्या मुदतीचा बॅकअप अजून कुठल्या क्लाउड कंपनीने देऊ केलेला नाही.) यावर कुणी म्हणेल, जागच्या जागी मारणारी सिगकिल तर पकडताच येत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? १८५५मध्ये ती आलीच. त्यांचे वारस दुसरे शिवाजी पुत्राविना वारले, संस्थान खालसा झालं. पण शिलालेख आणि ग्रंथालय शाबूत आहेत, कारण ते शेवटच्या घटकेवर सोपवलेले नव्हते.

म्हणूनच सिग्नल पकडणाऱ्या हँडलरमध्ये निरवानिरव करत बसू नये. मुख्य प्रोग्रॅम मेमरी मागणाऱ्या मॅलॉकच्या मधोमध असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉक किंवा प्रिंटएफ मागितलं, तर स्वतःच लावलेल्या कुलपाबाहेर तो जन्मभर तिष्ठत राहील. हँडलरने फक्त एक सिग_अटॉमिक_टी खूण करावी. आवराआवर मुख्य लूपने करावी. ‘रीडवर अडकलेला लूप ती खूण बघणार कधी?’ हा आक्षेप रास्त आहे. सिगअ‍ॅक्शनला एसए_रीस्टार्ट न लावल्यास रीड अर्ध्यावर परततं. रीडच्या नेमकं आधी येणाऱ्या सिग्नलसाठी पीसिलेक्ट आहे. आवरून झालं, की मूळ वर्तन बहाल करून तोच सिग्नल स्वतःवर सोडावा, म्हणजे शेलला १३० दिसतं, कंट्रोल-सीने मेल्याचा आकडा. सभ्यपणाच्या भरात शून्य परत करणारे प्रोग्रॅम सर्वांत घातक : स्क्रिप्टला वाटतं काम फत्ते, ती पुढच्या फाइलीला हात घालते, आणि माणूस कंट्रोल-सी दाबतच राहतो.