जतनकर

आडनाव काहीही असो, या माणसाला आपण जतनकर म्हणू. पुण्यात याची वस्ती दाट आहे. पण डोंबिवलीत, नाशकात, झालंच तर न्यू जर्सीतही हा आढळतो. वय साठीच्या पुढचं. नोकरी बँकेच्या, विमा कंपनीच्या नाहीतर कारखान्याच्या ईडीपी विभागात झालेली. ईडीपी म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, हे आजच्या पोरांना ठाऊक नसतं, याचं त्याला दुःख असतं. ते समजावून सांगायची संधी मिळाल्याचा आनंद मात्र त्या दुःखाहून बराच मोठा असतो.

आमच्या सोसायटीतले जतनकर दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे गेलं की ते तोंडभरून "या, बसा" म्हणतात, आणि मग आपण बसायचं कुठे हा प्रश्न आपल्यावर सोडतात. एका खुर्चीवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बसलेला असतो, दुसरीवर फ्लॉप्यांचे खोके. दिवाणावर जाडजूड मॅन्युअलं पहुडलेली असतात आणि त्यांना उठवायचं धाडस कुणाला होत नाही. शेवटी पाहुणा उभाच राहतो. जतनकरांना तेच हवं असतं, कारण संग्रहालयात माणसं उभ्यानेच हिंडतात.

मग फॅसिट निघतं. हे स्वीडिश बनावटीचं, हँडल फिरवायचं गणनयंत्र त्यांनी जुन्या बाजारातून घासाघीस न करता घेतलं. पुण्याच्या माणसाने जुन्या बाजारात घासाघीस केली नाही, ही बातमी वहिनींना आजही सहन होत नाही. "बावीस भागिले सात करून दाखवू?" असं ते विचारतात, पण उत्तराची वाट पाहत नाहीत. या यंत्रात भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी. हँडल उलटं फिरवत राहायचं. वजाबाकी प्रमाणाबाहेर गेली की घंटी वाजते. मग एक फेरा सुलटा द्यायचा, आकडा एक घर सरकवायचा आणि पुन्हा सुरुवात. म्हणजे उत्तरातल्या प्रत्येक आकड्यामागे एक घंटी. नवखा पाहुणा दुसऱ्या घंटीला दार उघडायला धावतो. सहाव्या दशांशापर्यंत त्याचा चहा निवलेला असतो.

चहावरून आठवलं. त्यांच्याकडे चहा घेताना लायन्स कंपनी ऐकावीच लागते. इंग्लंडात गावोगाव चहाची दुकानं चालवणारी ही कंपनी. तिने १९५१ साली स्वतःच्या हिशेबासाठी स्वतःच संगणक बांधला, त्याचं नाव 'लिओ', आणि त्याचं पहिलं नियमित काम म्हणजे बेकरीच्या मालाचा हिशेब. "पाव आणि केक!" जतनकर बोट वर करून म्हणतात. "आणि आपल्या अमृततुल्यवाल्यांनी काय केलं?" इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

जतनकरांचं खरं व्यसन म्हणजे 'पहिला'. पहिला संगणक कुठला, असं त्यांच्यासमोर चुकूनही विचारू नये. एनिॲक म्हणाल, तर ते १९७३ सालचा अमेरिकन कोर्टाचा निकाल काढतात, ज्यात एनिॲकचं पेटंट रद्द झालं आणि अटानासॉफचं पारडं जड झालं. अटानासॉफ म्हणाल, तर ते बर्लिनला जातात: त्सूझंचं झेड-३, १९४१, पुढे बॉम्बहल्ल्यात नष्ट. त्सूझं मान्य केलात, तर त्यांची निराशा होते आणि मग ते बॅबेजला उठवतात.

बॅबेजची जयंती ते पाळतात. २६ डिसेंबर. फोटोला हार, पुढे उदबत्ती. या माणसाने १८४० च्या दशकात ज्या डिफरन्स एंजिन क्रमांक दोन या गणनयंत्राचे नकाशे काढले, ते लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली त्या नकाशांवरून बांधलं आणि ते चाललं. छपाईचा भाग पुरा व्हायला २००२ उजाडलं. बॅबेजला रस्त्यावर वाद्यं वाजवणाऱ्यांचा भयंकर तिटकारा होता. त्यांच्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्याने रान उठवलं होतं आणि १८६४ साली तो झालाही. जतनकर त्याचा हा वारसाही चालवतात. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की त्यांचा तक्रारअर्ज पोलीस चौकीत ठरलेला. अर्जात बॅबेजचा उल्लेख असतो. हा बॅबेज कुठल्या वॉर्डातला, असं चौकीत एकदा विचारलं गेलं, असं म्हणतात.

बॅबेजचा मेंदू मात्र त्यांनी उगाच वहिनींना सांगितला. मेल्यानंतर तो जपून ठेवला गेला आणि आज त्याचे दोन भाग लंडनमधल्या दोन वेगवेगळ्या संग्रहालयांत आहेत. वहिनींनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघा, त्यांनीसुद्धा सगळं एकाच घरात नाही ठेवलं."

घरात जागेवरून वाद झाला की जतनकरांचं ब्रह्मास्त्र म्हणजे कलॉसस. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश फोडायला ब्रिटिश टपाल खात्याचा इंजिनियर टॉमी फ्लॉवर्सने बांधलेलं हे यंत्र. युद्ध संपलं, हुकूम सुटला, बहुतेक यंत्रं मोडली गेली, आणि फ्लॉवर्सने आपले नकाशे स्वतःच्या हाताने भट्टीत घातले. पुढे तीसेक वर्षं ब्र काढायची सोय नव्हती. नव्वदच्या दशकात टोनी सेल नावाच्या गृहस्थांनी ते पुन्हा बांधायचं ठरवलं तेव्हा हाताशी काय होतं? मोजके फोटो, म्हाताऱ्या इंजिनियरांच्या आठवणी, आणि काही जणांनी हुकूम मोडून गुपचूप जवळ ठेवलेले सर्किटांचे कागद. "हुकूम मोडून!" जतनकर वहिनींकडे बघत म्हणतात. "टाकून द्या म्हटल्यावर ज्यांनी टाकलं नाही, त्यांच्यामुळे इतिहास उरला." युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त त्याने माळ्यावरचे सात बंद पडलेले कीबोर्ड समर्थनीय ठरतात का, एवढंच बघायचं.

आपल्याकडे हुकूम मोडायचीही गरज पडत नाही, असं माझं मत झालं आहे. १९८४ साली सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना काढली आणि शाळाशाळांत बीबीसी मायक्रो आले. त्यांतला एक जतनकरांना एका शाळेच्या कपाटात अगदी धडधाकट सापडला. जपला कुणी? डेडस्टॉक रजिस्टरने. वस्तू रजिस्टरात चढलेली. निर्लेखन करायचं तर समिती, ठराव, वरिष्ठांची मंजुरी आणि मागून ऑडिट. त्यापेक्षा प्रत्येक मुख्याध्यापकाने कपाटाची किल्ली पुढच्याच्या हाती दिली. देशातल्या जुन्या यंत्रांचा सर्वांत निष्ठावान रक्षक म्हणजे लेखापरीक्षणाला घाबरणारा हेडक्लार्क. त्याच भीतीपोटी शाळेने तो संगणक जतनकरांना दिला नाही. दर महिन्याला ते तिथे जाऊन कपाटाच्या काचेतून बघून येतात.

टिफ्रॅकचा विषय निघाला की मात्र ते गंमत करत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने संगणक बांधायला घेतला, तेव्हा त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी असं यंत्र प्रत्यक्ष पाहिलं होतं. १९६० साली ते पूर्ण रूपात चालू झालं. २,७०० व्हॉल्व्ह, अठरा फूट लांबीचा पोलादी सांगाडा, आणि स्मरणशक्ती २,०४८ शब्दांची. आजच्या मापाने ती जेमतेम दहा किलोबाइट भरते. तेवढ्यात सकाळी फोनवर येणाऱ्या सुप्रभातातलं गुलाबाचं फूलही मावणार नाही. १९६२ साली नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. दोन वर्षांत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे यंत्र आलं आणि घरच्या यंत्राचे दिवस भरले. कोलकात्याचे कुणी भेटले आणि म्हणाले, की आमच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ सालीच ब्रिटनहून संगणक आला होता, तर जतनकर आवंढा गिळून म्हणतात, "आणला होतात. आम्ही बांधला." हा 'आम्ही' उच्चारताना त्यांची छाती फुगते. त्या वेळी ते नूतन मराठी विद्यालयात पाढे म्हणत होते, हे लक्षात घेऊ नये. पुण्यातल्या सीडॅकचा परम महासंगणक १९९१ सालचा, म्हणून त्याला ते इतिहासच मानत नाहीत. कालचं पोर.

यंत्रांइतकंच माणसांनाही जपलं पाहिजे, हे त्यांचं व्याख्यानातलं लाडकं वाक्य. त्यासाठी ते फोनवर रेकॉर्डिंग चालू करून जुन्याजाणत्या इंजिनियरांच्या घरी जातात. त्या मंडळींना मेमरीची रचना आठवत नाही. कँटीनमधला बटाटेवडा आठवतो, आणि एसी बंद पडला तेव्हा कोण कुणावर ओरडलं ते. जतनकर खट्टू होऊन परततात. माझ्या मते बटाटेवड्याचाच भाग ठेवायला हवा होता, पण तो ते पुसून टाकतात.

व्याख्यानाच्या शेवटी एनिॲकवाल्या सहा बायका येतात. १९४६ साली फिलाडेल्फियात त्या अजस्र यंत्राचं अनावरण झालं. त्याच्याकडून गणितं करवून घेणाऱ्या या सहाजणी फोटोत दिसल्या, पण नावाने छापल्या गेल्या नाहीत, आणि रात्रीच्या मेजवानीला कुणी त्यांना बोलावलं नाही. जतनकर डोळे मिटून नावं घेतात: के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास, रूथ लिक्टरमन. मग डोळे उघडून आत हाक मारतात, "अगं, चहा टाकतेस ना?"

आता वहिनींची नोकरीही जतनकरांच्याच कचेरीतली. जतनकर वरच्या एसीत, वहिनी खालच्या हॉलमध्ये पंच ऑपरेटर. लग्न तिथेच जमलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर पुढे कुणी काही विचारावं, असं कुणाला, विशेषतः जतनकरांना, कधी सुचलं नाही.

जतनकरांकडे पंचकार्डांचा संग्रह आहे, प्लास्टिकच्या पाकिटांत, लेबलं लावून. परवा वहिनी चहा घेऊन आल्या आणि लेबल वाचत थबकल्या. उजव्या कडेला बारीक खाच असलेल्या प्रत्येक कार्डावर लिहिलं होतं, 'कड खराब, दर्जा क'. खाच नसलेली कार्डं 'उत्तम'.

"खराब कुठली? ती तपासल्याची खूण आहे," वहिनी म्हणाल्या. "एकीने पंच केलेलं कार्ड दुसरीने व्हेरिफायरवर पुन्हा तसंच टाइप करायचं. ऐंशीच्या ऐंशी कॉलम जुळले की मशीन कडेला खाच पाडायचं. तुमची ही उत्तमवाली न तपासलेली आहेत. नाहीतर चुकलेली."

जतनकर बघत राहिले.

"आणि गठ्ठ्याच्या माथ्यावर पेन्सिलीची तिरकी रेघ असायची, ती कुठे गेली? गठ्ठा हातातून सांडला तर रेघ जुळवून पुन्हा लावता यायचा."

ती रेघ जतनकरांनी मळ समजून खोडरबराने पुसली होती. सगळ्या गठ्ठ्यांवरची.

त्यांनी तातडीने फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि घसा साफ करून म्हणाले, "तर, आपण त्या काळातल्या..." वहिनींनी फोन पालथा घातला. फुकट काही सांगणार नाही, म्हणाल्या. बरीच ओढाताण होऊन दर ठरला: माळ्यावरचा एक खोका भंगारात, तर एका प्रश्नाचं उत्तर. पहिल्या खोक्यात जतनकरांनी नुसत्या तुटक्या वायरी भरल्या. वहिनींनी खोका उघडून पाहिला, भंगारवाल्याच्या हातगाडीवर स्वतः ठेवला, आणि वर येऊन पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं, "आठवत नाही."