निळ्या खड्याची चतुःप्रमाण परीक्षा

अथातो गारगोटीजिज्ञासा. शास्त्रकारांनी घट आणि पट यांवर शतकानुशतके खल केला; गोट्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ती उणीव येथे न्यायशास्त्राच्या चार प्रमाणांनी भरून काढली आहे.

विषय: कॅव्हेन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी यांचे निळेभोर स्फटिक. अमेरिकेतल्या ओरेगनमधील नमुन्यांवरून 1973 साली शास्त्राला त्याची ओळख झाली; जगातले देखणे नमुने मात्र पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले.

स्थळ: तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद. वाघोलीचा कातळ ज्या दख्खनी लाव्हाचा, त्याचेच पठार या जिल्ह्यापर्यंत येते. तेव्हा विहिरीच्या ढिगाऱ्यावर बसून आशा करण्याचा अधिकार येथील साधकासही आहे.

प्रथम प्रमाण, प्रत्यक्ष. निळे दिसले. परंतु निळी बाटलीची काचही असते आणि फवारणीचे मोरचूदही. मोरचूद पाण्यात विरघळते, कॅव्हेन्साइट विरघळत नाही. काच चाकूला सहजासहजी दाद देत नाही. कॅव्हेन्साइटवर मुकाट ओरखडा उठतो. परीक्षेस उतरतो तोच नमुना ओरखड्याने बाद होतो, हा या प्रमाणाचा दोष.

द्वितीय, अनुमान. धूर तेथे अग्नी. तद्वत कॅव्हेन्साइट तेथे बहुधा स्टिल्बाइट. कातळाच्या पोकळीत पांढऱ्या स्टिल्बाइटचा थर आणि त्यावर निळ्या सुयांचा गेंद, अशी ही बैठक. उलट व्याप्ती मात्र धरू नये: स्टिल्बाइट विपुल, निळा पाहुणा दुर्मीळ. पांढऱ्या गोट्याचा तर वेगळाच निवाडा: खरवडून पूड करावी, वर लिंबू पिळावे, फसफसली तर कॅल्साइट. चाकूलाच जुमानले नाही तर निव्वळ गारगोटी.

तृतीय, उपमान. गाईसारखा तो गवय. यासाठी आधी गाय पाहिलेली हवी, म्हणून सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाची वारी करावी. तेथून परतलेल्यालाही पेंटागोनाइट चकवतो: रसायन तेच, निळाई तीच, अणूंची मांडणी तेवढी निराळी. भिंगाखाली जुळ्या स्फटिकाच्या टोकाशी पाच कोनांची चांदणी दिसली की ओळखावे.

चतुर्थ, शब्द. संग्राहकांच्या दरबारात खड्याइतकाच मान त्याच्या चिठ्ठीला: गाव कोणते, खाण कोणती. चिठ्ठी हरवली की मोल उतरते, खडा तसूभर बदललेला नसतानाही. म्हणून विहिरीच्या मालकाला नम्रपणे विचारावे, “काका, हा कुठून निघाला?” उत्तर येते, “खालून.” हे आप्तवाक्य सर्वथा निर्दोष आहे, चिठ्ठीवर लिहिण्याजोगे नाही, एवढेच.

सिद्धांत: डोळा खडा शोधतो, शेजार त्याचे कूळ सांगतो, किंमत मात्र कागद ठरवतो.

फलश्रुती: हा प्रबंध जो श्रद्धेने वाचील, त्याचे खिसे लवकर फाटतील आणि त्याच्या घरी लोणच्यावर ठेवायला वजनाची ददात पडणार नाही.